जुन्या गाडीत नवं इंजिन: आधी चेंबर बघा, हॉर्सपॉवर नंतर

जुन्या गाडीत नवीन इंजिन टाकतोय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, किती हॉर्सपॉवर मिळणार? माझ्या मते हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी यायला हवा. माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची उघड्या टपाची गाडी आहे, तिच्यात मी आणि माझ्या दादाने मिळून घरच्या गॅरेजमध्ये माझदा एमएक्स-५ चं १.८ लिटरचं इंजिन बसवलं, आणि त्या सगळ्या कामातून माझं एक मत अगदी पक्कं झालंय की इंजिन हाच या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. ते तयार मिळतं, त्याच्या आतलं सगळं गणित कंपनीच्या इंजिनिअर लोकांनी आधीच सोडवून ठेवलेलं असतं. खरं काम त्याच्या चारी बाजूंना असतं. ते कशावर टेकणार, चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) कुठे येणार, एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या रॉडला लागणार का, पाणी कुठून येऊन कुठे जाणार, पेट्रोल किती प्रेशरने पोचणार, मीटरचे काटे कुणाच्या सांगण्यावरून हलणार. जुनी गाडी आणि नवं इंजिन जिथे जिथे एकमेकांना भेटतात तिथे तिथे आपलं डोकं लागतं, आणि त्या जागांबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी जुन्या इंजिनाबद्दल, कारण त्याला वाईट म्हणून काढलं असं कुणाला वाटायला नको. एमजीबीचं बी-सिरीज इंजिन १७९८ सीसीचं, ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं, व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालणारे, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, सुरुवातीच्या गाड्यांना ९५ हॉर्सपॉवरच्या आसपास. १९६२ ला गाडी आली तेव्हा क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) तीन मेन बेअरिंग होते, १९६४ पासून पाच झाले. दणकट इंजिन आहे. पण माझ्या इंजिनाचा क्रँक आधीच शेवटच्या अंडरसाइजपर्यंत (यापुढे आणखी घासता येणार नाही इतका) घासून झाला होता, म्हणजे आता रीबिल्ड म्हणजे दुसरा क्रँक शोधणं आलं, आणि मला ही गाडी कव्हर घालून ठेवायची नव्हती, रोज चालवायची होती, थंडीत एका सेल्फला चालू व्हायला हवी होती, हायवेला पाचवा गिअर हवा होता. ज्यांना गाडी अगदी कारखान्यातून आली तशीच ठेवायची आहे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, अशा गाड्या तशा राहायलाच हव्यात. म्हणून मी एकच नियम केला होता, जे परत जोडता येणार नाही ते कापायचं नाही. बॉडीवर ग्राइंडर लावण्याआधी दहा वेळा विचार, ब्रॅकेट शक्यतो जुन्याच होलांवर, आणि जुनं इंजिन नंबरासकट जपून ठेवायचं.

आता इंजिन निवडायचं कसं. लोक ताकद बघून निवडतात आणि मग ते बसवण्यासाठी अर्धी गाडी कापतात. उलट करा ना, आधी आपल्या गाडीचं पोट बघा. पुढचा क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) कुठे आहे, स्टिअरिंग रॅक एक्सलच्या पुढे आहे की मागे, ऑइल चेंबरचा खोल भाग त्यांच्या पुढे उतरतो की मागे, गिअरचा दांडा सीटच्या हिशोबाने कुठे येतो. चेंबरचा खोल भाग बरोबर क्रॉसमेंबरवर येत असेल तर दोनच रस्ते उरतात, एक म्हणजे इंजिन वर उचला (मग बोनेट बंद होत नाही) किंवा चेंबर कापून परत वेल्ड करा. चेंबर कापणं काही अशक्य नाही, पण तेलाची जाळी तळापासून किती वर आहे हे अंतर आधी मोजून ठेवायचं आणि नंतर तेवढंच ठेवायचं, साधारण ६ ते १० मिलिमीटर, जाळी तळाला चिकटली तर तेल ओढता येत नाही आणि फार वर राहिली तर वळणावर हवा ओढते. वर आत पत्र्याचे आडवे पडदे पण द्यावे लागतात नाहीतर जोरात वळण घेतलं की सगळं तेल एका बाजूला जाऊन बसतं.

इंजिन उभं बसणारं आहे की आडवं हा दुसरा प्रश्न. हल्लीची बरीच इंजिनं पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांसाठी आडवी बसवलेली असतात, ती मागची चाकं फिरवणाऱ्या जुन्या गाडीत उभी करायची म्हणजे गिअरबॉक्स दुसरा शोधा, मध्ये अॅडाप्टर प्लेट बनवा, फ्लायव्हील बदला, पाण्याची तोंडं फिरवा. होंडाचं के-सिरीज इंजिन लोक एवढं सगळीकडे बसवतात त्यामागे एक कारण हे की ते इतर कंपन्यांच्या इंजिनांसारखं घड्याळाच्या दिशेने फिरतं, होंडाची आधीची बी-सिरीज उलटी फिरायची म्हणून बाहेरचा गिअरबॉक्स तिच्यामागे लावणं अवघडच होतं. तसंच जनरल मोटर्सचं एलएस. १९९७ मध्ये कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस१ हे ५.७ लिटरचं इंजिन आहे, एवढं मोठं असून लहान लहान गाड्यांमध्ये जातं, कारण त्याचा कॅमशाफ्ट हेडवर नाही, ब्लॉकच्या आत आहे, त्यामुळे हेड बुटकी राहतात आणि इंजिनाची रुंदी कमी होते. त्याच्यापेक्षा कमी सीसीचं चार कॅमचं व्ही८ बाहेरून त्याच्यापेक्षा बरंच रुंद असू शकतं. सीसी आणि आकार यांचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा सरळ नाही.

एमजीबीच्या बाबतीत तर याचं फार छान उदाहरण कंपनीनेच घालून दिलंय. रोव्हरचं ३५२८ सीसीचं अॅल्युमिनियमचं व्ही८, जे मुळात ब्यूइकचं डिझाइन होतं आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले, ते केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने स्वतःच्या पातळीवर एमजीबीत बसवून विकायला सुरुवात केली. ते बघून कंपनीलाही जाग आली आणि १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही८ आली, १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या बनल्या. इंजिन पूर्ण अॅल्युमिनियमचं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन बिडाच्या चार सिलिंडर इंजिनाच्या आसपासच. यात मला सगळ्यात आवडतो तो बोनेटचा भाग. कॉस्टेलोच्या गाड्यांच्या बोनेटवर कार्बोरेटरसाठी फुगवटा होता, कंपनीने मॅनिफोल्ड नवा बनवून दोन्ही कार्बोरेटर मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) बाजूला नेले आणि साधंच बोनेट तसंच्या तसं बसवलं. मागचा डिफरन्शियलही (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) बदलून ३.०७ प्रमाणाचा दिला. म्हणजे ताकद आली की बाकी काय काय बदलावं लागतं याचा पूर्ण हिशोब त्यांनी मांडला होता.

मी व्ही८ च्या वाटेला गेले नाही. मला हलकं, साधं, आणि मागच्या चाकांच्या गाडीतूनच आलेलं इंजिन हवं होतं. एमएक्स-५ चं १८३९ सीसीचं इंजिन मुळातच उभं बसतं, मागे स्वतःचा पाच गिअरचा बॉक्स आहे, डबल ओव्हरहेड कॅम, सोळा व्हॉल्व्ह, १३० च्या आसपास हॉर्सपॉवर. ब्लॉक बिडाचाच आहे, हेड अॅल्युमिनियमचं. आकडा ऐकून कुणी भारावत नाही, पण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच घरातले असल्यामुळे बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची) भानगड पूर्ण वाचली. अॅडाप्टर प्लेट लावावी लागली की क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र एका रेषेत आहे का ते डायल गेज लावून बघावं लागतं, तिथे ०.१३ मिलिमीटरच्या वर फरक गेला की क्लच आणि पुढचं बेअरिंग दोन्ही खायला लागतं.

माझा कळकळीचा सल्ला, इंजिन सुटं घेऊ नका, शक्य असेल तर पूर्ण डोनर गाडी (जिच्यातून इंजिन काढायचं ती) घ्या. चालू स्थितीतली असेल तर फारच उत्तम, कारण काढण्याआधी गाडी गरम करून कॉम्प्रेशन बघता येतं, तेलाचं प्रेशर बघता येतं, गिअर पडतायत का कळतं. आणि वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), किल्ली, सगळे सेन्सर, अल्टरनेटर, छोटी छोटी ब्रॅकेटं, क्लचचा पाइप, अगदी बोल्टसुद्धा, सगळं एकत्र मिळतं. सुट्या इंजिनासोबत ज्या गोष्टी येत नाहीत त्या एकेक करून जमवताना जीव मेटाकुटीला येतो. आणखी एक, बऱ्याच नव्या गाड्यांत इमोबिलायझर असतो, ईसीयू आणि किल्ली यांची जोडी लागलेली असते, किल्ली मागे राहिली तर ते ईसीयू इंजिन चालू होऊच देत नाही.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकच्या पुढच्या मागच्या ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवीन टाकून घ्या. जुनं चांगलं दिसतंय म्हणून ठेवू नका, नंतर हे सगळं फायरवॉल आणि रेडिएटर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हात घालून करावं लागतं.

जुनं इंजिन काढायचं काम पटकन होतं. एमजीबीचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उचलणं सोयीचं पडतं, क्रेनला लेव्हलर लावून मागचा भाग खाली झुकवत झुकवत काढायचं. बॅटरीची वायर आधी काढा, पेट्रोलची टाकी रिकामी करा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही कधीही जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच नाही. दादा याबाबत इतका कडक आहे की स्टँड लावल्यावरही तो गाडीला खांद्याने जोरात धक्का देऊन बघतो, मगच मला म्हणतो, "हां, आता जा खाली."

मग येतं माझं सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात वेळखाऊ काम, कोरडी जोडणी. म्हणजे इंजिन फक्त ठेवून बघायचं, काहीही पक्कं करायचं नाही. यासाठी रिकामा ब्लॉक, रिकामं हेड आणि रिकामा गिअरबॉक्स मिळाला तर सोनं, वजन कमी असतं आणि दोघांना हलवता येतं. खाली लाकडाचे ठोकळे, वर क्रेन, आणि मग एकेक सेंटिमीटर मागे पुढे वर खाली. इंजिन जेवढं मागे जाईल तेवढं चांगलं कारण वजन एक्सलच्या मागे राहतं, पण मागे नेलं की फायरवॉल आड येते. एमजीबीत हीटरचा डबा इंजिनाच्या मागे फायरवॉलच्या फळीवरच बसतो आणि पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या इंजिनाला कॉइल पॅक आणि कॅम सेन्सर बरोबर हेडच्या मागच्या टोकाला आहेत. दोघंही त्याच जागेसाठी भांडतात. आम्ही कॉइल तिथून हलवल्या, सेन्सर मात्र तिथेच ठेवावा लागतो कारण तो कॅमशाफ्टच फिरवतो, म्हणून त्याला हात जाईल एवढी जागा ठरवून तिथून पुढे मापं घेतली.

बोनेटचं बघायला एक साधी युक्ती, इंजिनाच्या सगळ्यात उंच जागांवर मऊ मातीचे गोळे ठेवायचे, बोनेट हळूच बंद करून उघडायचं, गोळा जेवढा दबला त्यावरून किती जागा आहे ते कळतं. आणि लक्षात ठेवा, इंजिन रबरी माउंटवर बसतं, रेस दिली की ते डोलतं, म्हणून सगळीकडे किमान दीड दोन सेंटिमीटर मोकळं हवं. स्टिअरिंगच्या रॉडजवळ तर याहून जास्त, तिथे एक्झॉस्टची उष्णता पण असते, मध्ये उष्णतेचा पत्रा द्यावा लागतो.

माउंटची ब्रॅकेटं आम्ही आधी जाड पुठ्ठ्याची कापली, मग पत्र्याची, मग टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून बसवली. पूर्ण वेल्डिंग सगळ्यात शेवटी. मी एकदा उत्साहात होते, तर दादा म्हणाला, "अगं, टाका तोडायला दोन मिनिटं लागतात, वेल्ड तोडायला दुपार जाते, परत एकदा मोज." तेव्हा परत मोजलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी अजून एकदा मोजलं, रेडिएटर ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, मगच वेल्ड.

गिअरबॉक्सचा माउंट हा एमएक्स-५ वाल्यांसाठी खास विषय आहे. त्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम असते, गिअरबॉक्सचं मागचं टोक त्या फ्रेमलाच बोल्टने धरलेलं असतं, त्यामुळे बॉक्सच्या खाली नेहमीसारखा रबरी माउंट नाहीच. दुसऱ्या गाडीत टाकायचा तर त्या बाजूच्या बोल्टच्या जागा पकडून खालून नवीन ब्रॅकेट बनवावं लागतं आणि त्याखाली क्रॉस पट्टी. १९६७ नंतरच्या एमजीबीचा टनेल (गिअरबॉक्ससाठी गाडीच्या तळात केलेला उंचवटा) आधीच्यापेक्षा मोठा केलेला आहे, त्याचा इथे फायदा होतो. ज्यांची गाडी त्याआधीची आहे त्यांनी टनेलचं माप इंजिन विकत घेण्याआधी घ्यावं.

प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा फिरता दांडा) नवीन बनवावा लागतोच. पुढे एमएक्स-५ चा सरकता योक, मागे एमजीबीचा फ्लँज, आणि लांबी मोजायची ती गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी असताना, योक पूर्ण आत जाऊन आपटणार नाही अशी दोन अडीच सेंटिमीटर जागा ठेवून. आणि कोन. युनिव्हर्सल जॉइंटचा स्वभाव असा की कोनात असला की तो एका फेऱ्यात दोनदा वेग कमी जास्त करतो. मागचा जॉइंट तेवढाच आणि उलट कोनात असेल तर ते एकमेकांना खोडून काढतात. म्हणून गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेष आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेष एकमेकींना समांतर हव्यात, आणि प्रत्येक जॉइंटवर एक ते तीन अंश कोन. शून्यही नको बरं का, कोन शून्य झाला की आतल्या सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. गाडीला ठराविक वेगावर घरघर येते आणि लोक टायर बॅलन्स करत बसतात, खरं कारण बऱ्याचदा इथे असतं. डिजिटल अँगल गेज घ्या आणि माउंट वेल्ड करण्याआधीच हे मोजा, नंतर काही हातात राहत नाही.

पाण्याचा विषय मला सगळ्यात जास्त आवडला कारण तिथे इंजिन खऱ्या अर्थाने समजतं. एमएक्स-५ चं इंजिन मुळात माझदाच्या आडव्या इंजिनांच्या कुटुंबातलं. उभं करताना बाहेर जाणारं पाणी पुढच्या टोकालाच आणलं, म्हणजे पाणी पुढून आत येतं आणि थर्मोस्टॅटमधून पुढूनच बाहेर जातं, त्यामुळे मागच्या सिलिंडरकडे पाण्याचा प्रवाह तुलनेने कमी. यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला नेतात म्हणजे पाण्याला सगळ्या सिलिंडरवरून जावंच लागतं. नवीन गाडीत बसवतोच आहोत, पाइप नवीन करायचेच आहेत, तर हे करून घेण्यासारखी दुसरी वेळ नाही. फक्त तीच ती मागची जागा, कॉइल, सेन्सर, हीटर, म्हणून कोरड्या जोडणीत थर्मोस्टॅटचं हाउसिंग लावूनच मापं घ्यायची. रेडिएटरपेक्षा इंजिन उंच बसत असेल तर वेगळी हेडर टाकी सगळ्यात उंच जागी द्या, हवा नेहमी वर जाऊन अडकते आणि हेडमध्ये हवा अडकली की काटा नॉर्मल दाखवत असताना आत हेड तापत राहतं. रेडिएटरची कॅप पण बदला, जुन्या गाडीची कॅप कमी प्रेशरची असते.

पेट्रोलच्या बाबतीत जुन्या आणि नव्या जगात खूप मोठी दरी आहे. एसयूचा इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ बसतो आणि ३ पीएसआयच्या आसपास प्रेशर देतो. इंजेक्शनला लागतं ३ बार, म्हणजे साधारण ४३ पीएसआय. इथे काटकसर करू नका अशी हात जोडून विनंती. कार्बोरेटरचा रबरी पाइप इंजेक्शनला चालत नाही, एसएई जे३०आर९ लिहिलेलाच पाइप घ्या, क्लिप पण इंजेक्शनच्या गोल कडांच्या घ्या, दातेरी पट्टीच्या क्लिप रबर कापतात. टाकीत परत येणारी दुसरी लाइन ओढावी लागते. जुन्या टाकीत आत पडदे नसतात, पेट्रोल अर्ध्याखाली असताना वळणावर पंप उघडा पडतो, त्यासाठी मध्ये एक छोटी सर्ज टाकी, जुना कमी प्रेशरचा पंप ती भरत राहतो आणि मोठा पंप तिच्यातून ओढतो. आणि पंपाचा रिले ईसीयूच्याच हातात द्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद. सरळ किल्लीवर पंप जोडला आणि गाडी कुठे धडकली, तर पाइप फुटलेला असला तरी पंप पेट्रोल फेकत राहतो. त्याशिवाय धक्क्याने सप्लाय तोडणारा स्विच पण लावून टाका.

वायरिंगला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, मला ते सगळ्यात शांत काम वाटलं. मोठ्या टेबलावर डोनर गाडीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) पसरायचं, वायरिंगचा नकाशा समोर, आणि जी वायर इंजिनाला लागत नाही (दिवे, खिडक्या, एअरबॅग) ती एकेक करून टोकापासून टोकापर्यंत ओळखून काढायची. अंदाजाने कापायचं नाही. राहतं ते फार थोडं असतं, ईसीयूला कायमचा प्लस, किल्लीचा प्लस, चांगला अर्थ, सेन्सर, इंजेक्टर, कॉइल, पंपाचा रिले, फॅनचा रिले. क्रँकच्या सेन्सरची वायर पीळ दिलेली आणि जाळी असलेलीच हवी आणि कॉइलच्या वायरपासून लांब, कारण ईसीयूचं सगळं टायमिंग तिच्यावर चालतं. बऱ्याच नव्या इंजिनांत क्रँकवर ६० दात्यांचं चाक असतं त्यातले २ दाते गाळलेले, एक दाता म्हणजे ६ अंश, आणि ती मोकळी जागा आली की ईसीयूला कळतं क्रँक कुठे आहे. त्या सिग्नलमध्ये गडबड झाली की इंजिन कधी चालू होतं कधी नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

जुन्या गाड्यांसाठी दोन गोष्टी खास. एक, १९६७ आधीच्या एमजीबी आणि तेव्हाच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना प्लस बॉडीला असतो. आधुनिक ईसीयू लावण्याआधी तो उलटा करून मायनस बॉडीला करावाच लागतो, माझी १९७२ ची असल्यामुळे ते काम वाचलं. दोन, इंजिन ते बॉडी जाड अर्थची पट्टी. इंजिन रबरावर बसलेलं असतं म्हणजे विजेच्या हिशोबाने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. पट्टी नसेल तर सेल्फचा सगळा करंट मिळेल त्या वाटेने जातो, अॅक्सिलरेटरची केबल, क्लचची जाळीदार नळी, आणि केबल लालबुंद होऊन जळते.

मीटरबद्दल थोडक्यात. पहिल्या एमएक्स-५ च्या गिअरबॉक्सला स्पीडोमीटरची केबलच असते त्यामुळे केबल नवीन लांबीची करून घेतली, काटा बरोबर दाखवायला मीटर कॅलिब्रेट करावा लागतो. आरपीएमचं मीटर जुन्या एका कॉइलवर चालणारं, त्याला नवीन सर्किट आत बसवून ईसीयूच्या आउटपुटवर आणता येतं, बाहेरून चेहरा तोच राहतो. तेलाच्या प्रेशरचं मीटर खऱ्या नळीचं होतं ते मी मुद्दाम तसंच ठेवलं.

कागदपत्रांचं एवढंच, इंजिन बदलायला काय परवानगी लागते, धुराची टेस्ट कोणत्या वर्षाच्या नियमाने होणार, इन्शुरन्सवाले काय म्हणतात, हे पहिला बोल्ट फिरवायच्या आधी लेखी विचारून घ्या. नियम जागोजागी वेगळे आहेत आणि गाडी बनल्यावर विचारायला गेलात तर उत्तर बदलता येत नाही.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. स्पार्क प्लग काढून, पंपाचा फ्यूज काढून, नुसता सेल्फ मारायचा, तेलाच्या प्रेशरचा काटा वर येईपर्यंत. मग फ्यूज लावून किल्ली ऑन, पंपाचा आवाज दोन तीन सेकंद येऊन थांबला पाहिजे, प्रत्येक जोडावर टॉर्च मारून बघायचं कुठे पेट्रोल झिरपतंय का. मगच प्लग लावून सेल्फ. आमचं इंजिन चालू झालं तेव्हा दादा खाली वाकून पाण्याचे पाइप बघत होता आणि मी तेलाच्या काट्याकडे, आनंद करायला आम्हाला दोघांनाही जरा वेळच लागला. टाइमिंग लाइट लावून ईसीयू जे दाखवतंय तेच पुलीवर दिसतंय का हे जुळवल्याशिवाय ट्यूनिंगला हात लावायचा नाही. वाइडबँड लॅम्बडा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावून घ्या, आरामात चालवताना हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या आसपास, पूर्ण रेसला १२.५ ते १३.

आता गाडी कशी चालते हे सांगायलाच हवं, कारण खरा फरक मला पाचव्या गिअरमध्ये कळला. एमजीबीच्या मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ३.९०९, जुन्या बॉक्सचा चौथा गिअर सरळ एकास एक. एमएक्स-५ च्या बॉक्सचा पाचवा ०.८१४. ताशी १०० किलोमीटरला जुनं इंजिन साधारण ३,३५० आरपीएमवर ओरडत असायचं, आता २,७०० वर निवांत चालतं. ओव्हरटेक करायला चौथा टाकला की इंजिन ६,००० च्या पुढेही आनंदाने जातं, जिकडे जुन्याला न्यायची माझी कधी इच्छाच झाली नाही. आवाज वेगळा आहे, जुना जाडसर आवाज गेला, हे मी मान्य करते आणि त्याची आठवणही येते. पण गाडीचं वळणं, स्टिअरिंगचं वजन, बसण्याची जागा, पुढे दिसणारं ते लांब बोनेट, सगळं तिचंच आहे.

पुढची कामं ठरलेली आहेत. पहिले काहीशे किलोमीटर झाल्यावर माउंटचे, प्रॉपशाफ्टचे आणि एक्झॉस्टचे सगळे बोल्ट परत घट्ट केले, पाण्याच्या क्लिप परत आवळल्या, आणि टनेलमध्ये कुठे घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत का ते बघितलं. आता चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून पुढचं मागचं वजन किती बदललंय ते मोजायचंय, त्यानंतरच पुढच्या स्प्रिंग बदलायच्या. ब्रेकला पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम, पॅड चांगल्या ग्रेडचे टाकलेत आणि सर्वोला (ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम नव्या मॅनिफोल्डवरून वन-वे व्हॉल्व्ह लावून दिलाय. जुनं इंजिन सिलिंडरमध्ये तेल सोडून, सगळी तोंडं बंद करून स्टँडवर ठेवलंय, क्रँक मिळाला की ते पण उघडणार आहे.